वाचक विचारतात : पडद्याची रचना आणि वापरणाऱ्याची सवय

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पडद्यावरील रचनेविषयी, म्हणजे यूजर इंटरफेसविषयी, होती. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून या वेळी केवळ त्याच विषयावरील प्रश्नांना उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. विंडोजची नवी आवृत्ती आली की बटणांच्या जागा बदलतात आणि मला मुलाला फोन करावा लागतो. माझे काम तेच आहे, पत्रे लिहिणे आणि हिशेब ठेवणे. मग वरचे रूप बदलण्याचा खटाटोप कशासाठी? ही केवळ सजावट आहे की तिच्यात काही शास्त्र आहे?
(एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : तिच्यात शास्त्र आहे, आणि आपली तक्रारही त्या शास्त्राच्या कक्षेतच येते. बटणे कोठे असावीत हे ठरवताना चांगले रचनाकार स्वतःच्या आवडीवर नव्हे, तर माणसे प्रत्यक्षात कोठे अडतात याच्या निरीक्षणावर विसंबतात. याचे उत्तम उदाहरण आपण स्वतः अनेक वर्षे वापरले असणार. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅम सुरू करण्याची जागा वेगळी आणि फाइली पाहण्याची जागा वेगळी होती. पुढच्या आवृत्तीची तयारी करताना मायक्रोसॉफ्टने नवख्या माणसांना संगणकासमोर बसवून पाहिले, तेव्हा असे दिसले की अनेकांना डबल क्लिक जमत नाही, फोल्डरच्या आत फोल्डर असू शकतो हे त्यांच्या लक्षात येत नाही, आणि एक विंडो दुसरीमागे झाकली गेली की ती नाहीशीच झाली असे त्यांना वाटते. पडद्याच्या तळाशी असलेली टास्कबारची पट्टी हे यांतल्या शेवटच्या अडचणीचे उत्तर होते. उघडलेली प्रत्येक विंडो त्या पट्टीवर दिसत राहिली, त्यामुळे ती झाकली गेली तरी हरवली नाही. स्टार्ट बटणही असेच निरीक्षणातून आले. सुरुवातीच्या नमुन्यात त्या जागी ‘सिस्टीम’ असे लिहिलेले बटण होते आणि संगणक सुरू झाल्यावर माणसे रिकाम्या पडद्याकडे पाहत बसून राहत, कारण आरंभ कोठून करायचा हे त्यांना कळत नव्हते. नवशिक्यांसाठी एक वेगळा, सोपा पडदा द्यावा असाही विचार त्या वेळी झाला होता. तो सोडून देण्यात आला, कारण त्या पडद्यावर शिकलेल्या माणसाला मुख्य पडद्यावर आल्यावर पहिल्यापासून शिकावे लागले असते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली, आणि पुढे महाराष्ट्रात ज्यांनी एमएस-सीआयटीच्या वर्गात पहिल्यांदा माउस हाती धरला, त्यांच्यापैकी अनेकांचा पहिला धडा डाव्या बाजूच्या त्या खालच्या कोपऱ्यापासूनच सुरू झाला.

सतरा वर्षांनी त्याच कंपनीने तो कोपरा रिकामा केला. २०१० मध्ये आयपॅड आला होता, बोटांनी चालवायच्या पाटीसारख्या संगणकांना मागणी येत होती, आणि एकच ऑपरेटिंग सिस्टीम बोटांनाही चालावी व माउसलाही, अशी महत्त्वाकांक्षा होती. त्यामुळे २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेल्या विंडोज ८ मध्ये स्टार्ट बटण नव्हते आणि त्याच्या जागी रंगीत चौकोनांनी भरलेला पूर्ण पडदा होता. संगणक बंद करण्यासाठी माउसचा बाण उजव्या बाजूच्या कोपऱ्यात न्यावा लागे. तसे केल्यावर बाहेरून सरकत येणाऱ्या पट्टीतले ‘सेटिंग्ज’ उघडून त्यात ‘पॉवर’ शोधावे लागे. त्या कोपऱ्यात काही दडलेले आहे याची कोणतीही खूण पडद्यावर नव्हती. आतून पाहिले तर ही आवृत्ती तिच्या आधीच्या आवृत्तीपेक्षा वेगाने सुरू होत असे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते नाहीसे झालेले बटण. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ ने ते परत दिले, मात्र ते दाबले की पुन्हा तोच पूर्ण पडदा उघडत असे. स्टार्ट मेनू खऱ्या अर्थाने परतला तो २९ जुलै २०१५ रोजी, विंडोज १० बरोबर.

एवढा विरोध का झाला असावा? रोज स्वयंपाक करणारा माणूस मिसळणाच्या डब्यातून हळद आणि मोहरी न पाहता उचलतो. त्या वाट्यांचा क्रम रातोरात कोणी बदलला, तर नवा क्रम कितीही तर्कशुद्ध असला तरी फोडणी करपते. पडद्यावरही हात आणि डोळे असेच, विचाराला वळसा घालून काम करतात. ही सवय वापरणाऱ्याने स्वतःचा वेळ आणि कष्ट घालून कमावलेली असते, म्हणून मी तिला त्याची मिळकत मानतो, आणि रचना बदलणारी कंपनी ती मिळकत त्याला न विचारता खर्च करत असते. कधी कधी हा खर्च योग्य ठरतो. विंडोज ९५ नेही ३.१ च्या सवयी मोडल्या होत्या, पण त्या बदल्यात ज्या अडचणींवर माणसे खरोखर अडत होती त्या दूर केल्या. विंडोज ८ ने टेबलावरच्या संगणकावर काम करणाऱ्याकडून सवय काढून घेतली आणि तिचा मोबदला दुसऱ्याच यंत्राच्या ग्राहकाला दिला. एखादा बदल न्याय्य आहे की नाही हे ठरवताना मी याच कसोटीला सर्वाधिक महत्त्व देतो.

आपल्या संगणकावर विंडोज ११ असावी असे पत्रावरून वाटते. ऑक्टोबर २०२१ मधील या आवृत्तीने स्टार्ट बटण मध्यभागी आणले आहे. टास्कबारच्या रिकाम्या भागावर माउसची उजवी कळ दाबून टास्कबार सेटिंग्ज उघडा आणि टास्कबार बिहेवियर्स या विभागात अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. बटण पूर्वीच्या कोपऱ्यात येईल.

प्रश्न : आमच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे प्रोसेस, शेड्युलिंग, मेमरी आणि फाइल सिस्टीम. इंटरफेसवर एकही प्रकरण नाही. मग इंटरफेसला ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग म्हणावे, की वरचे आवरण?
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बांधणीच्या दृष्टीने आपला अभ्यासक्रम चुकीचे सांगत नाही. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, खिडक्या आणि मेनू नाहीत. १९९६ मध्ये मथियास एट्रिख यांनी सुरू केलेला केडीई आणि त्यानंतरच्या वर्षी सुरू झालेला ग्नोम हे खिडक्या-मेनू दाखवणारे, त्यावर बसवलेले वेगळे प्रकल्प आहेत, आणि एक काढून दुसरा बसवला तरी खालचा कर्नेल तोच राहतो. मात्र एवढ्यावरून इंटरफेस म्हणजे आवरण असा निष्कर्ष काढला, तर आपण शिकत असलेली काही प्रकरणे अर्धीच समजतील.

शेड्युलिंगचेच, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर कधी मिळावा हे ठरवण्याचेच, पाहा. माणसाने कळ दाबल्यापासून सुमारे ०.१ सेकंदाच्या आत पडद्यावर परिणाम दिसला तर तो आपल्या हातूनच घडला असे त्याला वाटते. सुमारे १ सेकंदापर्यंत त्याच्या विचारांची साखळी टिकते, आणि १० सेकंदांनंतर त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आणि जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये लोकप्रिय केलेल्या या मर्यादा माणसाच्या मनाच्या आहेत, आणि यंत्र कितीही वेगवान झाले तरी त्या बदलत नाहीत. आता जुन्या मॅकिंटॉशमधली किंवा विंडोज ३.१ मधली सहकारी पद्धतीची मल्टिटास्किंग आठवा. तेथे चालू प्रोग्रॅम स्वतःहून प्रोसेसर सोडेपर्यंत दुसऱ्याला पाळी मिळत नसे. एखादा प्रोग्रॅम गुंतून पडला की माणसाच्या क्लिकला उत्तरच येत नसे आणि सगळा संगणक गोठला असे त्याला वाटे. पुस्तकात प्रीएम्प्टिव्ह शेड्युलिंगची, म्हणजे चालू प्रोग्रॅमकडून प्रोसेसर सक्तीने काढून घेण्याच्या पद्धतीची, कारणे देताना प्रोसेसरच्या कार्यक्षम वापरावर भर असतो. माझ्या मते त्याहून मोठे कारण पडद्यासमोर बसलेल्या माणसाची ही ०.१ सेकंदाची अपेक्षा आहे. विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ज्या प्रोग्रॅमची विंडो समोर आहे त्याला प्रोसेसरचा वेळ अधिक देतात, आणि ज्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या ज्या धाग्याला, कळ किंवा क्लिक मिळाली त्याचा अग्रक्रम तात्पुरता वाढवतात. म्हणजे माणसाचे लक्ष कोठे आहे ही माहिती थेट शेड्युलरपर्यंत पोहोचवलेली असते.

लिनक्सच्या इतिहासात तर या मुद्द्यावर मोठा वाद झाला. ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिवास हे व्यवसायाने भूलतज्ज्ञ. घरच्या संगणकावर जड काम चालू असताना माउस आणि आवाज अडखळतात, कारण कर्नेलचा कल मोठ्या सर्व्हरांकडे आहे, अशी त्यांची तक्रार होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी स्वतः शेड्युलर लिहिले. २००७ मध्ये इंगो मोल्नार यांनी लिहिलेला सीएफएस हा शेड्युलर कर्नेलमध्ये आला. त्याच्या न्याय्य वाटपाच्या कल्पनेचे श्रेय मोल्नार यांनी कोलिवास यांच्या कामाला दिले, पण कोलिवास यांचा स्वतःचा शेड्युलर मात्र स्वीकारला गेला नाही. २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ या आवृत्तीत प्रोसेसचे आपोआप गट पाडण्याची सोय झाली आणि मोठे कंपाइल, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम, चालू असतानाही डेस्कटॉप सुरळीत राहू लागला. हा सगळा प्रवास एका वापरणाऱ्याच्या अडखळणाऱ्या माउसपासून कर्नेलच्या गाभ्यापर्यंतचा आहे.

अँड्रॉइडवरही हीच गोष्ट दिसते. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवायचा, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, आणि ॲपच्या मुख्य थ्रेडने स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना सिस्टीम स्वतः पडद्यावर आणते. म्हणून ‘इंटरफेस आत की बाहेर’ हा वाद मी फारसा महत्त्वाचा मानत नाही. शेड्युलिंगचे प्रकरण वाचताना प्रत्येक पद्धतीबद्दल ‘या रांगेत ताटकळत कोण उभे आहे, दुसरा प्रोग्रॅम की माणूस?’ असे विचारत जावे. आणि शक्य असेल तर झेरॉक्सच्या १९८१ च्या स्टार या संगणकाविषयी अवश्य वाचावे. आजचा डेस्कटॉप, आयकॉन आणि फोल्डर तेथे विक्रीसाठीच्या यंत्रावर एकत्र आले. हलवणे, नक्कल करणे, पुसणे या मूळ आज्ञा त्यांनी कीबोर्डवर कायमच्या कळा देऊन सर्व कामांसाठी समान ठेवल्या होत्या, मग समोर पत्र असो, चित्र असो वा फाइल. एवढे सातत्य आजही अनेक सिस्टीमना साधलेले नाही.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पेनड्राइव्हवर होते. नको असलेले फोटो पुसताना सगळेच पुसले गेले. संगणकाने ‘खात्री आहे का?’ असे विचारले होते आणि मी ‘येस’ दाबले होते. ‘विचारले होते ना, मग चूक तुमचीच,’ असे सहकारी म्हणतात. हे बरोबर आहे का?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : आधी तातडीचे सांगतो. त्या पेनड्राइव्हवर आता काहीही नवीन साठवू नका. फाइल पुसली जाते तेव्हा सहसा तिची नोंद जाते आणि मूळ मजकूर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम अशा फाइली शोधून काढतो. मात्र सापडलेले फोटो पेनड्राइव्हवर न ठेवता संगणकावर उतरवून घ्या.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि हे मी आपले सांत्वन म्हणून लिहीत नाही. जो प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जातो आणि ज्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’ असते, तो प्रश्न माणूस वाचेनासा होतो. त्याच्या हाताला ‘पुसा, मग होय’ अशी एकच जोडकृती लागते. ज्या एका वेळी उत्तर ‘नाही’ असायला हवे असते, त्या वेळीही हात तीच कृती पूर्ण करतो. शिवाय फाइल संगणकाच्या डिस्कवरून पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि परत आणता येते, पण पेनड्राइव्हवरून पुसली तर ती तेथे न जाता कायमची जाते. दोन्ही वेळी माणसाची कृती अगदी सारखी असते आणि परिणाम मात्र टोकाचे वेगळे असतात. चौकटीतल्या एका शब्दावरून हा फरक ओळखण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकणे ही माझ्या दृष्टीने रचनेची उणीव आहे. खरी सुरक्षा आधी विचारण्यात नसून नंतर परत फिरता येण्यात असते. कंट्रोल आणि झेड या दोन कळांनी आजवर जेवढे काम वाचवले असेल, तेवढे खात्री विचारणाऱ्या चौकटींनी वाचवले असेल असे मला वाटत नाही.

एकच कृती, पण परिणाम वेगवेगळे, या दोषाविरुद्ध आयुष्यभर झगडलेले एक गृहस्थ म्हणजे लॅरी टेस्लर. १९७० च्या दशकात ते झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत होते. तेथील ब्राव्हो या लेखन-प्रोग्रॅममध्ये एकच कळ एका अवस्थेत अक्षर उमटवी आणि दुसऱ्या अवस्थेत आज्ञा देई. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून कोणी इंग्रजी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवे लिहिण्याची अवस्था सुरू होई आणि पूर्ण दस्तऐवजाच्या जागी केवळ ‘टी’ हे अक्षर उरे, अशी हकिकत सांगितली जाते. टेस्लर आणि टिम मॉट यांनी तयार केलेल्या जिप्सी या प्रोग्रॅममध्ये अशा अवस्था काढून टाकल्या गेल्या, आणि आपण रोज वापरतो ते कट, कॉपी, पेस्ट त्या कामातून आकाराला आले. टेस्लर यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असे होते. ब्राव्होमध्ये मजकूर गमावलेला माणूस निष्काळजी नव्हता, तसेच आपणही नव्हता.

मोठ्या प्रमाणावरही हाच अनुभव आला आहे. २००७ मध्ये सर्वत्र उपलब्ध झालेली विंडोज व्हिस्टा लहानसहान बदलांसाठीही पडदा अंधारून परवानगी मागत असे. हेतू सुरक्षेचा आणि चांगला होता, पण लोक न वाचता परवानगी देऊ लागले, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये असे प्रश्न कमी करावे लागले. याहून गंभीर प्रकार २०१६ चा आहे. विंडोज १० घ्यावी असे सुचवणारी चौकट लोक कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून बंद करत, कारण फुली म्हणजे ‘नको’ हे त्यांना विंडोजनेच दोन दशके शिकवले होते. त्या वर्षी काही काळ मात्र त्या चौकटीतील फुली म्हणजे आधी ठरवलेल्या वेळेला संमती असा अर्थ घेतला गेला. टीका झाल्यावर कंपनीने हे बदलले. विंडोज ८ ने सवय मोडली होती, येथे सवयीचा वापर वापरणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध झाला, आणि मला हा दोष अधिक मोठा वाटतो. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी वस्तू आणि सेवा विकणाऱ्या ऑनलाइन मंचांसाठी अशा १३ फसव्या रचना-प्रकारांवर मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. पडद्याची रचना हा ग्राहकाच्या हक्काचा विषय आहे हे त्यातून अधिकृतपणे मान्य झाले, याचे मी मनापासून स्वागत करतो.

प्रश्न : मॅकमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमचा मेनू विंडोवर न दिसता पडद्याच्या अगदी वरच्या कडेला का दिसतो?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्याचा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याच्या कडेपाशी बाण आपोआप अडतो, त्यामुळे कडेला चिकटलेल्या मेनूवर माउस बेफिकीरपणे वर ढकलला तरी नेम चुकत नाही. कोपऱ्यात हा लाभ दोन दिशांनी मिळतो. विंडोज ९५ मध्ये स्टार्ट बटण कोपऱ्यात असूनही त्याच्या आणि कडेच्या मध्ये बारीकशी फट होती, आणि अगदी टोकाला क्लिक केले तर बटण दाबले जात नसे. पुढे ही फट बुजवण्यात आली. मोठ्या पडद्यावर किंवा दोन पडदे जोडलेले असताना मात्र वरपर्यंतचे अंतर वाढते आणि मॅकच्या पद्धतीचा फायदा कमी होतो.

प्रश्न : मी फोनची भाषा मराठी केली आहे. काही ॲपमध्ये बटणांवरचे रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात, खालचे उकार दिसत नाहीत. ‘मराठीला फोन नीट चालत नाही, इंग्रजीच ठेव,’ असे घरचे म्हणतात. दोष कोणाचा?
(एक वाचिका, बडोदे)

उत्तर : दोष लिपीचा नाही आणि बहुतेक वेळा फोनचाही नाही. रोमन अक्षरांच्या उंचीचा अंदाज घेऊन बटणाची चौकट आखली, तर शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की जागा अपुरी पडते. खाली जोडाक्षर आणि त्याला उकार आला की तिकडेही तेच होते. अँड्रॉइडच्या ५.० या आवृत्तीत २०१४ मध्ये मराठी भाषा आली, आणि देवनागरीसाठी नोटो फॉन्टची दोन रूपेही तेथे आहेत. एकात मात्रा दाबून कमी उंचीत बसवलेल्या असतात, दुसऱ्यात त्या नैसर्गिक उंचीच्या असतात. ॲप तयार करणाऱ्याने बटणाची उंची ठरावीक आकड्यात बांधून टाकली, तर वापरणाऱ्याने अक्षरे मोठी करताच मात्रा कापल्या जातात. उंची मजकुरानुसार वाढू दिली तर हा त्रास होत नाही. ॲपच्या पानावर आपला अभिप्राय पडद्याच्या छायाचित्रासह अवश्य पाठवा. अशा दोषाची दुरुस्ती सोपी असते, पण मराठीत ॲप उघडून पाहणारे कोणी नसेल तर तो त्यांना दिसतच नाही.

घरच्यांच्या सल्ल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठीच्या बाबतीत असा गैरसमज पूर्वीही झाला आहे. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखी वाचली जाणारी, देवनागरी विंडोज २००० पासून उपलब्ध होती. विंडोज एक्सपीमध्येही ती होती, पण मुळात बंद ठेवलेली होती. ती चालू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधील प्रादेशिक भाषांच्या विभागात जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नावाच्या पर्यायावर खूण करावी लागे, आणि सहसा विंडोजची सीडीही घालावी लागे. त्या पर्यायाच्या नावात मराठीचा, हिंदीचा किंवा देवनागरीचा उल्लेख नव्हता. त्यामुळे आपल्या संगणकात मराठी आहे हे असंख्य लोकांना कळलेच नाही आणि ते फॉन्टनिहाय वेगवेगळ्या, युनिकोड नसलेल्या पद्धतींवर अवलंबून राहिले. त्या पद्धतींत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांसारखा दिसे. विंडोज व्हिस्टापासून ही सोय मुळातच चालू आली. सिस्टीमची क्षमता तीच होती, फक्त एका चौकटीवरची खूण आधीपासून केलेली होती. वापरणाऱ्याने काहीही निवडले नाही तर काय मिळेल, हे ठरवणारा रचनाकार एका भाषेचे भवितव्य किती प्रमाणात हाती धरतो, हे मला यातून फार प्रकर्षाने जाणवते.

म्हणून फोन मराठीतच ठेवा. टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही शिकून घ्यावा असे सुचवतो. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात समाविष्ट असलेल्या या मांडणीत स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे आहेत. ती विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड अशी सर्वत्र मिळते. आपण बडोद्यात असल्याने आणखी एक लाभ होईल. गुजरातीसाठीही मांडणी तीच आहे, त्यामुळे एकदा कमावलेली बोटांची सवय दोन्ही भाषांत कामी येईल.

प्रश्न : वडिलांची दृष्टी मधुमेहामुळे कमी होत चालली आहे. ते लॅपटॉपवर बातम्या वाचतात, पत्रव्यवहार करतात. त्यांच्यासाठी वेगळे महागडे सॉफ्टवेअर घ्यावे का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी लॅपटॉपमध्ये जे आहे ते वापरून पाहा. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबल्यास पडद्याचा भाग मोठा करून दाखवणारे भिंग सुरू होते. सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात केवळ अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. विंडोज १० आणि ११ मध्ये कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबल्यास पडदा वाचून दाखवणारा नॅरेटर सुरू होतो. दृष्टी आणखी कमी झाली तर एनव्हीडीए हे पडदा-वाचक सॉफ्टवेअर मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये ते सुरू केले आणि पुढे जेम्स टेह त्यांच्याबरोबर आले. हे दोघेही दृष्टिहीन आहेत, आणि तो अनुभव त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक तपशिलात दिसतो. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठीही आहे. तो आवाज यांत्रिक वाटतो, पण काही दिवसांत कानाला सवय होते.

असे सॉफ्टवेअर पडद्याचे चित्र पाहत नाही. प्रत्येक बटणाला रचनाकाराने आतून जे नाव दिले असेल ते ते वाचते. नाव दिलेलेच नसेल तर वडिलांना केवळ ‘बटण, बटण’ असे ऐकू येईल. त्यामुळे बँकेचे किंवा वृत्तपत्राचे ॲप निवडण्यापूर्वी अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा पडदा-वाचक सुरू करून, डोळे मिटून ते एकदा स्वतः चालवून पाहा. शिकवताना माउसऐवजी टॅब आणि बाणांच्या कळांपासून सुरुवात करा, कारण बाण कोठे आहे हे दिसत नसलेल्या माणसाला माउसचा उपयोग होत नाही. वडिलांना अजून थोडे दिसत आहे तोवर हा सराव सुरू केलेला बरा. आता डोळ्यांचा आधार घेत कळांच्या जागा आणि क्रम त्यांच्या हातात बसतील, आणि पुढे तेच काम केवळ कानांच्या भरवशावर करणे त्यांना जड जाणार नाही.